निळा रंग माझा नव्हता

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि कोणी माझे कौतुक करू लागले की तोंडावरचे झाकण स्वतःच ओढून घ्यावे असे मला वाटते. तुम्ही म्हणाल, यात लाजण्यासारखे काय? शनीची कडी दाखवणारी, चंद्रावरचे खड्डे दाखवणारी दुर्बीण, तिने तर ताठ मानेने उभे राहावे. मी ताठच उभी असते. मला मान वाकवताच येत नाही, कारण मी म्हणजे एक सरळसोट नळी आहे. पण आत, अगदी तळाशी, एक गोष्ट मला अजून टोचते. ती सांगायची तर सुरुवातीपासून सांगायला हवी.

दुर्बीण म्हटले की दोन्ही टोकांना भिंगे लावलेली नळी तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. मी तशी नाही. माझे पुढचे तोंड विहिरीसारखे उघडे आहे. आकाशातला उजेड त्यातून आत पडतो, तळाच्या खोलगट आरशावर आपटून परत वर येतो आणि तोंडाजवळच्या एका छोट्या तिरक्या आरशावरून वळून बाजूच्या नळीतून बाहेर पडतो. तिथे डोळा लावायचा. सगळी करामत त्या तळाच्या आरशाची. तो आरसा म्हणजेच मी, असे म्हटले तरी चालेल. बाकीचा पत्रा आणि लाकूड हे माझे कपडे.

तो आरसा ताईने घडवला. ताई म्हणजे माझ्या मालकाची थोरली बहीण. ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांचे नंबर घासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मला घासायचे, असा तिचा एक सबंध हिवाळा गेला. घराच्या जिन्याखाली तिने एक पिंप उभे केले होते. पिंपावर एक जाड काच पक्की बसवलेली, तिच्यावर काच घासायची भरड पूड आणि पाणी, आणि वर दुसरी काच. वरची काच पुढेमागे सरकवायची, जराशी फिरवायची, पिंपाभोवती एक पाऊल पुढे जायचे आणि पुन्हा तेच. असे करता करता वरची काच मधोमध खोलगट होत जाते. ती वरची काच मी.

पिंपाभोवती फिरणाऱ्या ताईला पाहून शेजारीण तिच्या आईला विचारायची, पोरीला चक्कर कशी येत नाही हो? आई म्हणायची, तिला कशाला येईल, ती आम्हाला येते.

भरड पूड संपली की बारीक, बारीक संपली की त्याहून बारीक. दर वेळी ताई सगळे धुऊन काढी, अगदी नखांच्या कडासुद्धा. भरड पुडीचा एक कण मागे राहिला तरी बारीक कामावर ओरखडा उमटतो. तिचा धाकटा भाऊ शेजारी बसून असे. त्याला दर वेळी घाई. घासून झाले रे झाले की काच तपासू या, म्हणून तो मागे लागे. पण हाताच्या उबेने काच फुगलेली असते आणि फुगलेली काच आपला खरा आकार सांगत नाही. ताई त्याच्या हातावर चापट मारून म्हणायची, "काच गार होऊ दे. तूही हो."

शेवटी माझ्यावर चकचकीत मुलामा चढला. तुमच्या घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, माझा पुढे आहे, उघडा. त्यामुळे कोणी नुसती बाही फिरवली तरी माझ्यावर चरे पडतात. पुढे ताईची दुसऱ्या गावी बदली झाली आणि तिकडच्या घराला गच्चीच नव्हती. जाताना तिने मला भावाच्या हवाली केले. निरोप द्यायला स्टेशनवर गेलेला भाऊ परत आला तो सांगत आला की ताईने गाडीच्या खिडकीतून स्वतःची काळजी घे असे म्हटलेच नाही, आरसा पुसू नकोस एवढेच म्हटले.

हा भाऊ म्हणजे माझा मालक. पुढे सगळे गाव त्याला कवळीकाका म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणते. काका दातांच्या कवळ्या बनवतात. त्यांच्या कामाच्या खोलीच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. समोरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, टेबलावर मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि एक छोटा दिवा. काकू प्लास्टर कालवतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. त्यांच्या हातचे प्लास्टर आणि त्यांचे बोलणे, दोन्ही चटकन घट्ट होते.

काकांची खरी ख्याती रंगाबद्दल. गिऱ्हाइकाच्या तोंडात उरलेल्या दोन-चार दातांकडे ते टक लावून पाहतात आणि नव्या दाताला तस्साच रंग देतात. मुळाशी पिवळसर, टोकाशी किंचित राखाडी. कधी कधी एखादा दात मुद्दाम जरासा वाकडाही बसवतात. समोरच्याला कळता कामा नये, असे ते अभिमानाने म्हणत. आणि खरोखर कोणाला कळत नसे.

सुरुवातीची वर्षे माझी फार सुखात गेली. संध्याकाळी काका मला गच्चीवर नेत. शेजारची मुले येत, मोठी माणसे येत. चंद्र पाहून एका आजोबांनी विचारले होते, एवढे खड्डे आहेत तर तिथली नगरपालिका काय करते? शनी पाहून तर लोक माझ्या तोंडात वाकून बघत, आत कोणी चित्र चिकटवले आहे की काय म्हणून. तेव्हा माझी खोटी गोष्ट कोणी सांगत नव्हते आणि खरी गोष्ट कोणाला खरी वाटत नव्हती.

मग काकांच्या मनात फोटो काढायचे आले आणि माझी फजिती सुरू झाली.

त्यांनी डोळा लावायच्या नळीत एक छोटा कॅमेरा बसवला आणि गुरूचा फोटो काढला. काकूंनी तो पाहिला आणि विचारले, "हे काय, साबणाच्या पाण्यात पडलेलं बटण?" मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. डोळ्याला तर गुरूचे पट्टे दिसत होते. मग फोटोत कुठे गेले?

मित्रांनो, ग्रहांचा फोटो काढणे म्हणजे वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेल्या नाण्याचा फोटो काढणे. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते आणि तिच्यातून येणारा उजेड थरथरतो. त्यात मी खोलीतून उबदार अंगाने बाहेर आले की माझा आरसा गार होईपर्यंत माझ्या नळीतलीच हवा उकळत्या पाण्यासारखी वर येत राहते. जिना चढताना धक्का बसला की माझे दोन आरसे एकमेकांशी जुळत नाहीत, ते पुन्हा जुळवावे लागतात. गच्चीवर कोणी चालले तरी ग्रह नाचतो. पृथ्वी फिरते म्हणून तो चौकटीतून पळतो. हे सगळे सांभाळले तर दव पडते आणि मी आंधळी होते. काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी मध्ये येत, त्या वेगळ्याच.

पण काका चिकाटीचे. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर मला हळूहळू फिरवणारी, विजेच्या मोटरवर चालणारी बैठक त्यांनी तयार केली. मला सूर्य मावळायच्या आधीच गच्चीवर नेऊन ठेवू लागले. एक फोटो काढण्याऐवजी ते ग्रहाचे ढीगभर फोटो पटापट काढत. हवा एखादा क्षण स्थिर होते, त्या क्षणांचे फोटो वेगळे काढायचे आणि संगणकावर एकावर एक ठेवायचे, म्हणजे खरी रेघ ठळक होते आणि थरथर पुसली जाते. अशा मेहनतीने गुरूचे पट्टे उमटले. शनीच्या कड्यांमधली काळी फट उमटली. ती फट माझ्या आरशाने पकडली होती हो. तेवढा अभिमान मी अजून बाळगून आहे.

त्या शनीच्या फोटोमुळे गावच्या ग्रंथालयाचे आमच्याकडे लक्ष गेले. ग्रंथपालबाई स्वतः गच्चीवर आल्या. त्या म्हणाल्या की ग्रंथालयाच्या गच्चीवर एक रिकामी खोली आहे, तिचे छप्पर रुळांवर सरकवता येईल असे करून घेऊ, दुर्बीण कायमची तिथे ठेवा आणि मुलांना शिकवा. पण समितीला पटवायचे तर काहीतरी मोठे दाखवायला हवे. शनी काय, सगळ्यांकडेच असतो.

खोलीचे नाव काढताच काकांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले. कायमची जागा म्हणजे रोजचे जिने नाहीत, धक्के नाहीत. मी संध्याकाळी छप्पर सरकवताच गार असणार. आणि काकांची कंबर आता मला उचलताना कुरकुरत होती, ती त्यांनी कोणाला सांगितली नसली तरी मला ठाऊक होती.

"नेपच्यून चालेल?" काकांनी विचारले.

ग्रंथपालबाईंना तो खूप लांब असतो एवढे ठाऊक होते. त्या खूश झाल्या.

नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्यातूनही तो ताऱ्यांच्या गर्दीत एका ठिपक्यासारखाच दिसतो. माझ्यातून दिसतील अशी कडी त्याला नाहीत, पट्टे नाहीत, काही खूण नाही. लग्नाच्या मांडवात कधी न पाहिलेला दूरचा मामा शोधण्यासारखे ते काम. नकाशावरून जागा कळते, पण मामा नक्की कुठला हे ओळखायची एकच पक्की रीत आहे. काही दिवसांनी पुन्हा त्याच जागेचा फोटो काढायचा. तारे जागच्या जागी असतात. जो सरकला तो ग्रह.

काकांना ही रीत माहीत होती. पण समितीची बैठक जवळ आली होती आणि आभाळ सारखे भरून येत होते. एका संध्याकाळी काळोख पडता पडता ढग फाटले. काकांनी मला नकाशातल्या जागेकडे वळवले आणि फोटो काढले. चौकटीच्या मधोमध एक ठसठशीत ठिपका आला. उजेड जास्त झाला की तारासुद्धा फोटोत फुगून चकतीसारखा दिसतो, हेही काकांना माहीत होते. पण त्यांना चकतीच हवी होती.

मला नावे कळत नाहीत, मित्रांनो. जो उजेड माझ्यावर पडतो तो मी कॅमेऱ्याच्या हातात देते, ग्रहाचा असो की ताऱ्याचा. म्हणून तो ठिपका कोणाचा हे मला तेव्हा सांगता आले नसते. पण रंग मला कळतो. मी दिलेला ठिपका पांढरा होता.

काका संगणकापुढे बसले होते. पुस्तकात नेपच्यून निळा असतो. त्यांनी ठिपक्याकडे टक लावून पाहिले, दातांकडे पाहतात तसे. मग मधोमध जरा निळे भरले, कडेला किंचित गडद, एका बाजूला अगदी हलकी पांढरी झाक. हात सराईत होता. बघता बघता त्या ठिपक्याचा असा सुंदर नेपच्यून झाला की समोरच्याला कळता कामा नये.

मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या तोंडावर झाकण होते.

पुढचे सगळे भराभर झाले. समितीने टाळ्या वाजवल्या. फोटो मोठा करून ग्रंथालयाच्या जिन्यात लावला आणि त्याखाली काकांचे नाव लिहिले. आरसा घडवला ताईने, असेही काकांनी लिहायला लावले. त्यांच्या मनात बहिणीबद्दल प्रेम होते, यात शंका नाही. पण ती अक्षरे त्या रंगाखाली लिहिली गेली. खोलीचे छप्पर रुळांवर चढले. उद्घाटनाला फीत कापायला ताईलाच बोलवायचे ठरले. तिने फोनवर सांगितले की गुडघे नाही म्हणतात, पण मी त्यांचं ऐकणार नाही.

येणारे गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधी नेपच्यूनबद्दल बोलू लागले. काकाही खुलून सांगत. आणि सांगता सांगता त्यांना वाटले, उद्घाटनाला याहून सुंदर एक फोटो ठेवावा. म्हणून त्यांनी त्याच जागेचा फोटो पुन्हा काढला.

दोन्ही फोटो संगणकावर एकामागून एक दाखवत ते बसले होते. जुना, नवा. जुना, नवा. मधला ठसठशीत ठिपका जागचा हलला नाही. आजूबाजूचे तारे हलले नाहीत. पण चौकटीच्या कडेचा एक पुसट ठिपका, ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तो सरकला होता. आणि त्या ठिपक्याला, कोणी काही न भरता, नावापुरती निळी झाक होती.

काकांचा हात थांबला. काकू प्लास्टरचे भांडे धूत होत्या. त्यांनी काय झाले ते विचारले आणि काकांनी सगळे सांगितले. 

काकू म्हणाल्या की उद्घाटनात सांगून टाका, तारा आणि ग्रह यांत माणूस चुकतोच. काकांनी मान हलवली. तेवढे ते सांगणारच होते.

"आणि रंग?" काकूंनी विचारले.

"रंगाचं काय एवढं? थोडंफार सगळेच करतात. मी तर जन्मभर तेच करत आलोय."

"अहो, तुमची कवळी खोटी आहे हे ती घालणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून ती लबाडी होत नाही. हे चित्र बघणाऱ्याला काय ठाऊक आहे?"

काकूंनी भांडे पालथे घातले आणि त्या आत गेल्या. ते भांडे नेहमीपेक्षा जोरात वाजले.

उद्घाटनाच्या दिवशी मला पुसूनबिसून, म्हणजे बाहेरून बरे का, नव्या खोलीत उभे केले. छप्पर सरकवलेले होते आणि माझ्यावर संध्याकाळचे मोकळे आभाळ होते. इतकी चांगली जागा मला कधीच मिळाली नव्हती. ताई काठी टेकत, दर वळणावर दम घेत वर आली. येता येता तिने जिन्यातला फोटो पाहिला होता. ती माझ्याजवळ आली, माझ्या नळीवर तळहात ठेवला आणि भावाला म्हणाली, "मला वाटलं नव्हतं रे, एवढं हिच्यात असेल म्हणून."

मला त्या क्षणी जमिनीत शिरावेसे वाटले. पण मला हलवायला दोन माणसे लागतात.

समितीच्या अध्यक्षांचे भाषण झाले. मग काका उभे राहिले. जिन्यातला फोटो नेपच्यूनचा नाही, एका ताऱ्याचा आहे, माझी ओळखण्यात चूक झाली, असे त्यांनी सांगितले. लोकांमध्ये जरा चुळबुळ झाली. ग्रंथपालबाईंनी घाबरून अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष मात्र मोकळेपणाने हसले. ते म्हणाले की एवढ्या लांबच्या वस्तूत एक ठिपका काय नि दुसरा काय, आणि चूक कबूल करायला मोठे मन लागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईसुद्धा हसली. तिने काकांच्या पाठीवर थाप मारली.

काकांच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव आला की मला वाटले, चला, निभावले. आणि तसे वाटल्याचीच मला आज सर्वांत जास्त शरम वाटते.

पुढच्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने हात वर केला. तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला खरेच कळले नव्हते.

"काका, तारा होता तर तो निळा कसा काय आला?"

काकांनी काकूंकडे पाहिले. काकू खाली बघत होत्या. अध्यक्ष म्हणाले की काही तारे निळे असतात बाळ, आणि काकांना सुटायला एक दार उघडून मिळाले. नुसते हो म्हणायचे होते. काकांचे बोट माझ्या नळीच्या कडेवरून फिरत होते, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

"तो पांढरा होता," ते म्हणाले. "निळा मी भरला."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी हसलेही नाही. ज्यांनी मघाशी चूक पोटात घातली होती त्यांना आता कुठे बघावे हे कळेना. ताईच्या हातात फीत कापायची कात्री होती. ती तिने खुर्चीवर ठेवली, अगदी हळू, आवाज न करता.

"नुसती चूक असती तर मी वर्षभर हसले असते," ती म्हणाली. "पण रंगवायला आरसा नव्हता दिला मी तुला."

ती एकटी जिना उतरली. काकांनी हात पुढे केला होता, पण तो तिच्या कोपरापर्यंत पोहोचला नाही. काकू मागून धावल्या.

खोली आम्हाला मिळाली नाही. समितीने कोणालाही वाईट वाटणार नाही अशा शब्दांत कळवले की तूर्तास खोलीची दुसरीकडे गरज आहे. आता तिथे मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. छप्पर सरकते, पण खुर्च्यांना आभाळ दाखवायला ते कोण सरकवणार? जिन्यातला फोटोही उतरवला. मी परत कामाच्या खोलीच्या कोपऱ्यात आले आणि कितीतरी दिवस माझे झाकण कोणी काढले नाही. नळीच्या तोंडाशी कोळ्याने घर बांधले. काका कवळ्या करत राहिले, पण गिऱ्हाइकाने आकाशाचा विषय काढला की त्याला तोंड उघडायला सांगत. उघड्या तोंडाने प्रश्न विचारता येत नाहीत.

ताई फोन करते, पण काकूंना. सगळी विचारपूस झाली की शेवटी विचारते, आरसा बरा आहे ना? भावाचे नाव घेत नाही. काकू फोन ठेवतात आणि मुद्दाम मोठ्याने सांगतात की आरशाची चौकशी करत होत्या. काका मान हलवतात.

मला पुन्हा बाहेर काढले ते ग्रंथपालबाईंनी. समितीची खोली समितीपाशी, पण उघड्या गच्चीला कोणाची परवानगी लागत नाही, असे म्हणून त्यांनी मुलांना जमवले. काका आधी नाही म्हणाले. मी कोणत्या तोंडाने शिकवू, म्हणाले. त्यावर बाई म्हणाल्या की त्या दिवशी जे शेवटी सांगितलंत, तेवढं शिकवलंत तरी पुष्कळ आहे.

तेव्हापासून काका आणि शेजारचा सुतार मला ग्रंथालयाचे जिने चढवून वर नेतात. आरसे जुळवायचे, गार व्हायची वाट पाहायची, सगळे पुन्हा पहिल्यापासून. काकांनी एक नवी पद्धत पाडली आहे. प्रत्येक मुलाला एक कागद द्यायचा, त्यावर एक वर्तुळ काढलेले. माझ्यातून जे दिसेल ते त्या वर्तुळात काढायचे.

एका संध्याकाळी काकांनी मला नेपच्यूनकडे लावले. खऱ्या नेपच्यूनकडे. त्या उद्घाटनानंतर पहिल्यांदाच. मुले रांगेत उभी होती. एकेकजण डोळा लावी, मग पायरीवर बसून चित्र काढी. रांग लांब होती आणि हवा ओलसर. निम्मी मुले होऊन गेली असतील, तेव्हा मला जाणवले की माझ्या छोट्या आरशावर दव धरू लागले आहे. हळूहळू सगळे धुरकटले आणि मग मी पुरती आंधळी झाले. मी ओरडून सांगणार कशी? मुले येत होती, माझ्या नळीला डोळा लावत होती, आणि हो हो, दिसला, असे म्हणून जागा सोडत होती.

शेवटी एक लहानशी मुलगी आली. तिला स्टुलावर उभे राहावे लागले. तिने खूप वेळ पाहिले. उजवा डोळा, मग डावा, मग पुन्हा उजवा. मागून कोणीतरी म्हणाले, आटप ना, सोप्पा आहे. ती उतरली आणि सगळ्यांपासून दूर जाऊन बसली.

काका कागद गोळा करू लागले. ठिपके, ठिपके, ठिपके. काही ठिपके खडूने निळेशार रंगवलेले. काका एकेक कागद घेत होते. त्या मुलीने मात्र आपला कागद मांडीखाली लपवला होता. काकांनी हात पुढे केल्यावर तिने तो काढून दिला. तिचे कान लाल झाले होते.

वर्तुळ रिकामे होते. खाली वाकड्या अक्षरांत लिहिले होते, मला दिसला नाही.

काकांनी कागद वाचला. मग ते तडक माझ्याकडे आले, माझ्या तोंडात बॅटरी धरली आणि छोट्या आरशाकडे पाहिले. दवाचा जाड थर होता. किती वेळ होता, कोणास ठाऊक. ते मुलांकडे वळले. मुलांना कळले होते. कोणी बुटाकडे पाहत होते, कोणी कागद परत मागायला हात पुढे करून पुन्हा मागे घेत होते. मला वाटले, काका आता बोलतील. पण त्यांनी कोणालाच काही म्हटले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होते? ते त्या मुलीपाशी गेले आणि तिच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसले.

"अगं, तुला दिसला नाही म्हणून मला दव दिसलं," ते म्हणाले. "नाहीतर आम्ही सगळे अंधारातच बघत बसलो होतो."

तो कागद काकांनी कामाच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीवर लावला आहे. त्यांचा एकही फोटो त्या भिंतीवर नाही.

मित्रांनो, माझे आता वय झाले. मुलामा विटला आहे, पुन्हा चढवायला हवा. तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखी एखादी असेल. तिचे काम झाले की तिला झाकण लावा. तिचा आरसा बाहीने पुसू नका. ती गार होईपर्यंत थांबा आणि दव पडले तर ते सुकेपर्यंतही थांबा. एवढे केलेत तर ती तुम्हाला तुमच्या नातवंडांपर्यंत पुरेल.

आणि एक विनंती आहे. मी कितीही लांबचे पाहिले तरी ते इतरांना सांगायला मला तुमचेच तोंड लागते. ते तोंड उघडाल तेव्हा, तुम्हाला मी जे दाखवले तेवढेच सांगा. काहीच दिसले नाही, तर तसे सांगा. त्याने मला कमीपणा येत नाही.